वायदे बंद झाले म्हणून भाव पडले का? वसमतच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

वसमतहून एका मुलीने विचारलं आहे. तिचे वडील मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत आणि ती नांदेडला अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. वित्तीय बाजारांचा अर्थतज्ज्ञ दिवसभर नेमकं काय करतो, त्याचं संशोधन म्हणजे काय असतं आणि आपल्या भागातल्या मुलीला त्यात शिरता येईल का, हे तिला हवं आहे. सोबत एक वादही पाठवला आहे. वडील म्हणतात, सरकारने सोयाबीनचे वायदे (पुढच्या महिन्यांतल्या मालाचा भाव आजच ठरवून केलेले सौदे) बंद केले म्हणून भाव पडले. तिला ते पटतही नाही आणि खोडताही येत नाही.

मी मूळची उदगीरची. बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा पैसा गुंतवणाऱ्या विभागात, रोख्यांच्या बाजारावर बरीच वर्षं काम केलं, त्यानंतर शेतमालाच्या वायद्यांवर संशोधन केलं. तुझ्या वडिलांच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. आमचं काम काय असतं ते त्या वाक्याची तपासणी करताना जितकं कळेल तितकं व्याख्या सांगून कळणार नाही.

आधी तारखा मांडू. सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २० डिसेंबर २०२१ ला थांबवले आणि ती स्थगिती पुढे वर्षानुवर्षं वाढवत नेली. आता त्याआधीचे महिने बघ. ऑगस्ट २०२१ मध्ये अनेक बाजार समित्यांत सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या वर गेलं होतं. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क कमी झालं, ऑक्टोबरात तेल आणि तेलबियांवर साठामर्यादा आली आणि नवा माल बाजारात उतरला. म्हणजे भावाची मोठी पडझड झाली तेव्हा वायदे चालू होते. बंदीनंतर काय झालं? फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, सूर्यफूल तेलाचा पुरवठा अडला, इंडोनेशियाने एप्रिलअखेर पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली, आणि बंदी असतानाच सोयाबीन ७,००० च्या पुढे गेलं.

त्यानंतरची घसरण मात्र लांबली आणि वडिलांच्या मनात तीच बसली असणार. पण तेव्हा जगातही भाव उतरत होता. शिकागोच्या बाजारात २०२२ च्या मध्याला सोयाबीन बुशेलला १७ डॉलरच्या आसपास होतं, २०२४ च्या अखेरीस ते १० डॉलरच्या खाली आलं. बुशेल म्हणजे २७.२ किलो. तिथे वायदे एक दिवसही बंद नव्हते, तरीही भाव पडला.

म्हणून ‘बंदीमुळे भाव पडले’ असं म्हणता येत नाही. ‘बंदीचा काहीच परिणाम झाला नाही’ हेही यातून सिद्ध होत नाही. एखादी गोष्ट नंतर घडली एवढ्यावरून ती आधीच्या गोष्टीमुळे घडली असं ठरत नाही, हे कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. वेळ लागतो तो पुढच्या पायरीला: बंदी नसती तर भाव किती असता? तो न घडलेला भाव कुठून आणायचा? आमच्या क्षेत्रातलं निम्मं संशोधन या एका अडचणीभोवती फिरतं.

दोन अभ्यास सांगते. रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या किनाऱ्यावरच्या सार्डिन मासळीच्या बाजारांचा अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. १९९७ पासून तिथे मोबाईलचे टॉवर आले, पण सगळीकडे एकाच वेळी आले नाहीत, टप्प्याटप्प्याने आले. त्यामुळे फोन असलेला किनारा आणि अजून फोन न आलेला किनारा शेजारी-शेजारी ठेवून बघता आला. जिथे फोन आले तिथे वेगवेगळ्या बंदरांतल्या भावांमधली तफावत झपाट्याने कमी झाली आणि गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे मासळी फेकून देणं जवळपास थांबलं. दुसरा अभ्यास थेट सोयाबीनचा आहे. अपराजिता गोयल यांनी मध्य प्रदेशात २००० पासून उघडलेल्या ई-चौपाल केंद्रांचा, म्हणजे शेतकऱ्याला भाव कळावा म्हणून आयटीसी कंपनीने गावोगाव उभारलेल्या संगणक केंद्रांचा, परिणाम तपासला. तीही केंद्रं वेगवेगळ्या जिल्ह्यांत वेगवेगळ्या वेळी आली. ती आली तिथल्या मंडईत शेतकऱ्याला मिळणारा भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढला आणि सोयाबीनखालचं क्षेत्रही वाढलं. आकडा लहान वाटेल, पण भावाची माहिती आणि थेट विक्रीचा पर्याय पोचल्याने तेवढं झालं, आणि ते कोणीही उठून खोडू शकत नाही अशा पद्धतीने दाखवलं गेलं.

वायदेबंदी मात्र सगळ्या देशात एकाच दिवशी लागू झाली. शेजारचा बंदी नसलेला जिल्हा कुठेच नाही. मग तुलना कशाशी करायची? तू वसमतला आहेस म्हणून सांगते, तुझ्या मोंढ्यातच त्याचं एक उत्तर पडलं आहे. हळदीचे वायदे बंद झाले नाहीत. एकाच बाजारात, त्याच आडत्यांकडे, त्याच हमाल-मापाड्यांच्या हातून जाणारी दोन पिकं, एकाचे वायदे चालू आणि दुसऱ्याचे बंद. हे वाचून तुझे डोळे चमकले असतील तर हा धंदा तुझा आहे.

पण सावध राहा. हळदीच्या उत्पादनात भारत जगात सगळ्यात मोठा, तिचा भाव बऱ्याच अंशी इथेच ठरतो. सोयाबीनचा भाव ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिनाच्या पिकावर, पामतेलावर, डॉलरवर आणि दिल्लीतल्या शुल्काच्या अधिसूचनेवर हलतो. त्यामुळे सरळ भावांची तुलना करून काही हाती लागणार नाही. भाव ‘किती’ हा प्रश्न सोडून ‘कसा’ हा प्रश्न विचारावा लागेल: वसमत, हिंगोली, परभणी, नांदेड या बाजारांतले सोयाबीनचे भाव बंदीनंतर एकमेकांपासून जास्त फाकले का? एका बाजारातली चढ दुसऱ्यात पोचायला जास्त दिवस लागायला लागले का? दिवसातल्या सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दरातलं अंतर रुंदावलं का? हेच हळदीत झालं नसेल, तर तुझ्या हाती काही तरी आहे.

इथे माझं मत स्पष्ट सांगते. बंदीने भाव पाडला नाही, पण शेतकऱ्याची पुढचं बघण्याची सोय काढून घेतली. हिशेब करून बघ. ऑक्टोबरात सोयाबीन ४,४०० ला जात असेल आणि शेतकऱ्याने ते बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवलं, तर मालाच्या किमतीच्या ७५ टक्के, म्हणजे ३,३०० रुपये कर्ज मिळतं. ६ टक्के दराने सहा महिन्यांचं व्याज ९९ रुपये. त्यात वजनातली घट धर. म्हणजे भाव क्विंटलमागे दोनेकशे रुपयांनी जरी वाढला तरी माल थांबवणं परवडतं. पण तो वाढेल का? फेब्रुवारीचा किंवा एप्रिलचा वायदा चालू असता तर देशभरच्या खरेदीदारांचा आणि साठेदारांचा त्या महिन्याबद्दलचा अंदाज एका आकड्यात समोर असता. तो अंदाज चुकूही शकतो, पण तो सगळ्यांना फुकट दिसतो. आपल्या शेतकऱ्यांपैकी फार थोडे स्वतः वायद्यात उतरायचे, हे खरं. ‘मग त्यांचं काय गेलं?’ असं विचारणारे हेच विसरतात, की आकडा वाचायला सौदा करावा लागत नाही. मोठ्या प्रक्रिया उद्योगाकडे परदेशी बाजार वाचणारी माणसं पगारावर असतात. औंढ्याच्या शेतकऱ्याकडे नसतात.

साठवणुकीचा खर्च आणि वायद्याचा भाव यांचं नातं पहिल्यांदा नीट मांडलं ते अमेरिकेत होलब्रुक वर्किंग यांनी, गव्हाच्या बाजारावर आयुष्यभर काम करून. १९५५ मध्ये शिकागोत दोन व्यापाऱ्यांनी कांद्याचा जवळपास सगळा साठा ताब्यात घेतला, शेवटी भाव कोसळवला, शेतकरी रस्त्यावर आले आणि १९५८ मध्ये कायदा करून कांद्याचे वायदे कायमचे बंद केले गेले. तो कायदा आजही आहे. वर्किंग यांनी बंदीच्या आधीचे आकडे तपासले, तेव्हा वायदे चालू असताना हजर बाजारातले, म्हणजे प्रत्यक्ष मालाच्या भावातले, चढउतार उलट कमी झालेले दिसले. आपल्याकडे २००७ मध्ये तूर, उडीद, गहू आणि तांदळाचे वायदे बंद केले, तेव्हा त्यांचा परिणाम तपासायला सरकारने नेमलेल्या अभिजित सेन समितीलाही वायद्यांमुळे महागाई वाढल्याचा ठाम पुरावा सापडला नाही. तरी बंदीचा मार्ग पुन्हा पुन्हा निवडला जातो. महागाई वाढते तेव्हा सरकारला काही तरी करताना दिसावं लागतं, आणि वायदे बंद करायला पैसा लागत नाही.

आता अर्थतज्ज्ञ दिवसभर काय करतो. बँकेत, म्युच्युअल फंडात किंवा रिझर्व्ह बँकेत तो कुठेही असो, व्याजदर, रोखे, चलन, शेअर आणि वस्तूंचे भाव एकमेकांना कसे ढकलतात हे समजून घेणं हे त्याचं काम. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, वर-खाली २ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवायची, ही तिची जबाबदारी. त्याआधी आम्ही महागाईचा, वाढीचा, पावसाचा अंदाज बांधतो, आणि व्याजदर बदलला तर दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं काय होईल ते रोख्यांचे सौदे करणाऱ्या डीलर मंडळींना सांगतो. व्याज वाढणार असं वाटलं की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्याची किंमत उतरते. बँकेकडे हजारो कोटींचे रोखे असतात, त्यामुळे अर्ध्या टक्क्याचा फरकही मोठा असतो.

यात मराठवाडा कुठे आला म्हणशील. ग्राहक महागाईच्या २०१२ च्या मालिकेत अन्नपदार्थ आणि पेयांचं वजन ४५.८६ टक्के होतं. २०१५ च्या दुष्काळात तूर भडकली तेव्हा लातूरच्या बाजारातला तुरीचा भाव मुंबईतल्या ट्रेझरीत रोज विचारला जायचा. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि वाढलेला भाव बघून सगळ्यांनी तूर पेरली. देशाचं उत्पादन २५.६ लाख टनांवरून ४८.७ लाख टनांवर गेलं आणि ५,०५० च्या हमीभावाखाली तूर विकायची पाळी आली. खरेदी केंद्रांबाहेरच्या गाड्यांच्या रांगा तुला लहानपणच्या आठवत असतील. मागच्या वर्षीचा भाव बघून यंदा पेरणं ही शेतकऱ्याची चूक नाही. त्याच्यापुढे तेवढाच एक आकडा होता.

पैशाचा बाजार आपल्या भागाला नवा आहे हेही मनातून काढ. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार. ७ हालीला ६ कलदार हा हिशेब आपल्या पणजोबांना तोंडपाठ होता. हाली सिक्का १९५९ पर्यंत कायदेशीर चलन होता. विनिमयदर हा शब्द पुस्तकात वाचण्याआधी तीन पिढ्यांपूर्वीच्या मराठवाड्याने तो रोज मोजला आहे.

चांगला अर्थतज्ज्ञ बातमीवर थांबत नाही, तिचा हिशेब करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून एकदम २० टक्क्यांवर नेलं आणि सगळीकडे बातमी झाली की आता सोयाबीन चढणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र ते ४,८९२ च्या हमीभावाखालीच विकलं जात होतं. कारण समजायला कारखानदाराच्या जागी बसावं लागतं. १०० किलो सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. समजा तेल १२० रुपये किलो आणि पेंड ३२ रुपये. तेलाचे २,१६०, पेंडीचे २,५६०, मिळून ४,७२०. गाळप, वाहतूक आणि नफ्याचे ३५० काढले, तर कारखाना ४,३७० पर्यंतच देऊ शकतो. शुल्कामुळे तेल १५ रुपयांनी वाढलं तर क्विंटलमागे २७० रुपये वाढतील. पण त्याच काळात पेंड ५ रुपयांनी उतरली तर ४०० रुपये जातील. हे आकडे मी समजावण्यापुरते धरले आहेत, दिशा मात्र खरी आहे. मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा प्रथिनयुक्त चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यात सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडू लागला आणि पेंडीची मागणी गेली. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, पण त्याचा निम्म्याहून जास्त पैसा पेंडीत आहे. ज्याने हे लक्षात ठेवलं नाही त्याचा अंदाज चुकला.

मूळ सिद्धांतात काय वाचायचं? १९७० मध्ये युजीन फामा यांनी मांडलं की उपलब्ध माहिती भावात लगेच उतरते, त्यामुळे बाजारावर सातत्याने मात करणं अवघड. १९८१ मध्ये रॉबर्ट शिलर यांनी दाखवलं की शेअरचे भाव लाभांशाच्या मानाने फारच जास्त हेलकावतात, म्हणजे केवळ माहितीने त्यांचा उलगडा होत नाही. २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत हे दोघेही होते. परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, हे स्वतःच्या शब्दांत लिहिता येईपर्यंत पुढे जाऊ नकोस. त्यानंतर रॉबर्ट एंगल यांचं १९८२ चं काम घे: शांत दिवसांमागून शांत आणि खळबळीच्या दिवसांमागून खळबळीचे दिवस येतात, आणि ते मोजता येतं. हळदीच्या रोजच्या भावांवर तू हे एका संगणकावर पडताळू शकतेस.

गणित लागतं, त्यातून सुटका नाही. कलनशास्त्र, मॅट्रिक्स, संभाव्यता आणि अर्थमिती (आर्थिक आकड्यांचं संख्याशास्त्र). आपल्याकडे एम.ए. ला हे बऱ्याचदा नोट्स पाठ करून पार पडतं. तसं करू नकोस, उदाहरणं हाताने सोडव. आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकाची भाषा नीट शिक. दोन्ही फुकट आहेत.

आकड्यांबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण बाहेरून आलेले अभ्यासक इथेच फसतात. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात. ऑक्टोबरात रानातून थेट आलेल्या ओल्या सोयाबीनचा आणि फेब्रुवारीतल्या वाळलेल्या मालाचा दर एकाच रकान्यात, एकाच नावाखाली असतो. सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. २०२४ मध्ये तो १५ पर्यंत शिथिल करावा लागला, यावरून माल किती ओला येतो ते कळेल. दर वाढलेला दिसला तो भाव वाढल्यामुळे की माल वाळल्यामुळे, हे त्या संकेतस्थळावरून सांगता येत नाही. आडतीच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीनंतर शेतकऱ्याला देतात त्या हिशेबाच्या कागदावर, वजन, दर, कपात सगळं असतं, आणि जुन्या वह्यांत ओलावा आणि डागी मालाच्या नोंदीही सापडतात. मालकाची परवानगी घेऊन, शेतकऱ्यांची नावं गाळून, पाच-सहा हंगामांच्या पट्ट्या तू संगणकात उतरवल्यास तर मुंबई-दिल्लीच्या कुठल्याही संशोधकाकडे नाही अशी सामग्री तुझ्याकडे असेल. प्रबंधाचा विषय शोधत असशील तर हाच घे.

पुढचे रस्ते बरेच आहेत. संशोधनातच राहायचं असेल तर पीएच.डी. साठी गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्याची गोखले संस्था, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि भारतीय सांख्यिकी संस्थेची दिल्ली शाखा बघ. प्रवेशपरीक्षेत गणितच तोलतात. नोकरी लवकर हवी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागाची ग्रेड ‘बी’ भरती, सेबीची संशोधन शाखेतली ग्रेड ‘ए’ भरती आणि यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा, या तिन्हींचा अभ्यासक्रम बराचसा जुळतो. एका तयारीत तीन परीक्षा देता येतात. खासगी बँकेत पगार जास्त, पण तिथे आपलं मत छापण्याआधी चार जणांच्या नजरेखालून जातं आणि स्वतःच्या नावाने शेअर घ्यायलाही परवानगी काढावी लागते. ज्याला मोकळेपणाने लिहायचं आहे त्याने हे आधी तोलावं.

इंग्रजीची भीती तू लिहिली आहेस. शोधनिबंधांची भाषा कादंबरीसारखी नसते, तेच तीन-चारशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. गोयल यांचा निबंध घे, आधी फक्त तक्ते वाच, तक्त्यात काय म्हटलंय ते मराठीत लिही आणि मग मजकुराशी ताडून बघ. महिनाभर लागेल. ते टिपण मला पाठव, मी दुरुस्त्या करून परत पाठवीन. हळदीच्या आवकेचे दिवस संपले की पट्ट्यांचं काम सुरू कर, तोपर्यंत मोंढ्यात कुणाला तुझ्याशी बोलायला वेळ मिळणार नाही.